यंत्राच्या नकारासही कारण हवें

ज्या राज्यांत प्रजेला आपल्या हक्काच्या कागदासाठीं दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्या राज्याचा कारभार कितीही नेटका असला तरी गरिबाला तो महागच पडतो. या दृष्टीनें पाहतां शासनाच्या कामांत संगणकाचा झालेला प्रवेश ही आमच्या कोरपना तालुक्यास उपकारक गोष्ट होय. डोंगरालगतच्या गुड्यांतून तहसील कचेरी गांठावयाची म्हणजे पायपीट, एस. टी. ची वाट, आणि शेवटीं ‘उद्यां या’ हे शब्द! आतां डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, आणि दाखल्याचा अर्ज ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांतून करतां येतो. हा लाभ नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ सालीं ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. तींत शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून मोबाईलवर पिकाची नोंद करावयाची व छायाचित्र घ्यावयाचें असतें. हमीभावानें कापूस विकतांना ही नोंद पाहिली जाते. कापूस हेंच ज्याचें वर्षाचें उत्पन्न, त्याच्या शिवारांत रेंजच नसेल तर त्यानें काय करावें? रास्त भावाच्या दुकानांतही तीच गत. देशांतील पहिलीं आधारपत्रें २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं दिलीं गेलीं. म्हणजे योजनेचा आरंभच गरिबाच्या नांवें झाला. पण कुदळ चालवून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्र पुष्कळदां ओळखीत नाहीं. ज्याचे कष्ट अधिक, तोच अनोळखी! कारकुनाशीं वाद तरी घालतां येई. यंत्राशीं कोणी काय बोलावें?

उणीव यंत्राची नसून, त्याच्यामागें जबाबदार मनुष्य उभा नसण्याची आहे. उपाय कायद्यानेंच दाखविला आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवा मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरला. अर्ज फेटाळल्यास कारणें लेखी द्यावीं लागतात. त्यावर अपील करतां येतें. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो. हाच न्याय यंत्राच्या नकारासही लागू व्हावा. अंगठा जुळला नाहीं वा नोंद झाली नाहीं, तर त्याच दिवशीं मराठींत कारण लिहिलेली पावती मिळावी व कागदी मार्ग खुला राहावा. कोणी म्हणेल, अशानें दलालांचें फावेल. परंतु ज्याला स्वतःच्या नांवानिशीं व तारखेनिशीं पावती द्यावी लागते, त्याला लांच मागणें सोपें नसतें.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मोबाईलवरील अक्षर वाचणारे आपणच आहों. वडिलांचा अर्ज भरून दिला म्हणजे आपलें काम संपत नाहीं. पावती मागणें, मुदतीची तारीख वहींत टिपून ठेवणें, आणि ती टळल्यास अपील लिहून देणें, एवढें आपण शिकलों तर आपल्या शिक्षणाचा उपयोग घरास व गांवास आजच होईल.