‘अनुशासन’ या शब्दाचा धडा

आणीबाणी आणि मराठी साहित्य हा विषय निघाला की चर्चा कराडपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. प्रसंग मोलाचा खराच; परंतु प्रतिकाराचे स्मरण म्हणजे प्रचाराचा अभ्यास नव्हे.

आणीबाणीस हुकूमशाही म्हणावे काय, हा वाद राज्यशास्त्राचा. प्रचाराची रीत मात्र हुकूमशाहीचीच होती. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली, आकाशवाणी शासनाच्या हाती होतीच, आणि १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था मिळून एकच ‘समाचार’ उरली. तरीही बंदी हे प्रचाराचे अर्धेच अंग होय. उरलेले अर्धे शब्दांच्या अपहरणात असते.

विनोबांनी मौनात लिहिलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द शासनाने उचलला आणि आणीबाणीचे समर्थन म्हणून देशभर फिरविला. एकेकाळी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत अध्ययन केलेल्या विनोबांनी मौन सुटल्यावर भेद स्पष्ट केला : अनुशासन आचार्यांचे, सत्तेचे ते शासन. पण तोवर महाभारतातील शब्दाची प्रतिष्ठा सत्तेच्या कामी येऊन चुकली होती. संस्कृतीला नेहमीच चिरडावे लागते असे नाही. तिचे शब्द वापरले तरी पुरते.

जर्मनीत व्हिक्टर क्लेम्पेरर या भाषाभ्यासकाने नाझी राजवटीतील रोजच्या भाषेच्या नोंदी ठेवल्या आणि १९४७ मध्ये त्यांचा ग्रंथ केला. मराठीत या दिशेने पद्धतशीर काम व्हावयास हवे. त्यासाठी मुंबई-पुण्याची दप्तरेच हवीत असे नाही. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावीही शाळा-महाविद्यालयांचे वार्षिकांक, निबंधांचे विषय, सभांची इतिवृत्ते आणि जुन्या माणसांच्या स्मृती शोधता येतील. शासनाची घोषणा विद्यार्थ्याच्या निबंधात स्वतःचे मत म्हणून केव्हा उतरली, हे अशाच साधनांतून कळेल.

१९७५ मध्ये विशीत असलेली पिढी आज सत्तरीत आहे. ती गेल्यावर केवळ छापील शब्द उरेल, आणि त्या काळातील बराचसा छापील शब्द तर तपासणीतून गेलेला. पदव्युत्तर प्रबंधिकांचे विषय ठरविताना विभागांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.