हॅरी पॉटर कोणत्या इयत्तेपासून?

वार्षिक परीक्षेनंतर प्राथमिक विभागाच्या मुलांना सभागृहात 'हॅरी पॉटर'चा पहिला चित्रपट दाखवावा, अशी सूचना पालक-शिक्षक सभेत आली आणि तीवर बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे, जादूटोण्याचा चित्रपट शाळेत नकोच. काहींचे म्हणणे, मुले घरी मोबाइलवर याहून भयंकर पाहतात, मग हरकत कसली? मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

जादूचा आक्षेप लवकर निकालात निघावा. वेताळपंचविशी ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. राजा विक्रम स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि ते बोलू लागते. ते ऐकून कोणी मांत्रिक झाल्याचे ऐकिवात नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, तीही बालप्रेक्षकांसाठीच. गोष्ट सांगताना आजी नातवाचा चेहरा पाहून आवाज बदलते, नाटकातली चेटकीणही माणसाएवढीच असते. पडद्यावरचा चेहरा मात्र भिंतीएवढा, आणि तो कोणासाठी थांबत नाही. माझी शंका आहे ती एवढीच.

लहान मुलाला भीती कशाची वाटते, हे आपण मोठ्यांच्या डोक्याने ठरवतो. अमेरिकेत जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८० च्या दशकात त्यांच्या पाहणीत असे दिसले, की 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेत सज्जन माणसाचा हिरवा राक्षस होताना बालवाडीच्या वयाची मुले फार घाबरत. तो राक्षस लोकांना वाचवतो, हे त्यांच्या कामाचे नव्हते. दिसते तेच त्यांना खरे. सात-आठ वर्षांनंतर मूल 'तो चांगला की वाईट' याचा हिशेब करू लागते. म्हणून पहिलीतल्या मुलाला 'अरे, ते खोटे असते' असे सांगून फारसा उपयोग होत नाही.

आता २००१ चा तो पहिला चित्रपट पाहा. सुमारे अडीच तासांचा. तीन तोंडांचा कुत्रा आहे, मुलींच्या स्वच्छतागृहात शिरलेला राक्षस आहे. त्यांत गंमतही आहे आणि बहुतेक मुले ती घेतात. पण शेवटी एक शिक्षक पगडी उतरवतो आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा चेहरा निघतो. पुढे हॅरीचा हात लागताच त्या शिक्षकाची राख होते. ओळखीच्या माणसाचे असे रूप पाहणे सहा वर्षांच्या मुलाला जड जाते, नऊ वर्षांच्याला ते थरारक वाटते.

आणखी एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात भीतीदायक काहीच नाही. हॅरीला एका आरशात त्याचे वारलेले आईवडील दिसतात आणि तो रात्री पुन्हा पुन्हा त्या आरशासमोर जाऊन बसतो. आपल्या एखाद्या वर्गात नुकतेच वडील गेलेले मूल असू शकते. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने सेन्सॉरच्या 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले, ते चांगलेच झाले. पण कोणत्या बाकावर कोण बसले आहे, हे प्रमाणपत्राला कळत नाही. वर्गशिक्षिकेला कळते. घरी मूल उठून आईजवळ जाऊ शकते. सभागृहात दोनशे मुलांमध्ये डोळे झाकले तर दुसऱ्या दिवशी 'भित्री भागूबाई' ठरते, म्हणून ते डोळे उघडे ठेवून बसते आणि रात्री झोपत नाही.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. हे आठ चित्रपट २००१ ते २०११ अशा दहा वर्षांत आले. तेव्हा पहिला चित्रपट पाहणारे मूल शेवटच्यापर्यंत तरुण झाले होते आणि चित्रपटही त्याच्याबरोबर मोठे होत गेले. २००५ च्या चौथ्या भागात एक शाळकरी मुलगा मारला जातो आणि त्याचा बाप सर्वांसमोर प्रेतावर कोसळून रडतो. मालिकेत अमेरिकेचे तेरा वर्षांचा इशारा देणारे प्रमाणपत्र प्रथम याच भागाला मिळाले. आज आठही भाग एका सुटीत, ओळीने, पाहता येतात. पहिला आवडला म्हणून आठ वर्षांच्या मुलाला आठवडाभरात चौथ्यापर्यंत नेऊ नका. तिसरा (२००४) दहा-अकराव्या वर्षी जरूर दाखवा, तोही जवळ बसून. त्यातल्या एका तासाला गुरुजी मुलांना आपापली भीती डोळ्यांसमोर आणून तिला हास्यास्पद वेष चढवायला शिकवतात. एक घाबरट मुलगा आपल्या खडूस मास्तरांना आजीचे कपडे घालतो! आमच्या शिक्षक-खोलीत हा प्रसंग कोणाला कितपत रुचेल, ते सांगवत नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे माझे म्हणणे असे. पहिली ते तिसरीला हा चित्रपट शाळेने दाखवू नये. त्यांच्यासाठी दुसरा, छोटा चित्रपट निवडावा. चौथी-पाचवीला दाखवावा, पण सर्व दिवे न मालवता, आवाज बेताचा ठेवून आणि मध्यंतर देऊन. हिंदी आवृत्ती घ्यावी, म्हणजे खालच्या ओळी वाचण्यात मुलांची दमछाक होणार नाही. वर्गशिक्षिकांनी तो आधी पाहावा आणि आपल्या वर्गासोबतच बसावे. मागे खुर्च्या टाकून वह्या तपासत नव्हे. दाराजवळच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात. ज्याला नको असेल त्याने कारण न सांगता उठून ग्रंथालयात जावे, आणि हे चित्रपट सुरू होण्यापूर्वी सर्वांना मोठ्याने सांगावे.