डझनभर आपुलकी

आंबविलेल्या मैद्याचे कडे तळून साखरेत घोळविले की अमेरिकेतील डोनट तयार होतो. कॅलिफोर्नियात त्याची पुष्कळशी दुकाने १९७५ नंतर कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांनी चालविली. समुद्रकाठच्या एका गावातील असेच एक दुकान पतिपत्नी मिळून पहाटे उघडीत. २०१८ साली नेहमीच्या गिऱ्हाइकांना बाई दिसेनात. विचारपूस करता कळले की, मेंदूच्या विकारामुळे त्या शुश्रूषागृहात आहेत. लोकांनी वर्गणी देऊ केली. पतीने ती साभार नाकारली. त्यांना हवा होता तो पत्नीजवळ बसावयास वेळ.

मग गिऱ्हाइके उजाडताच येऊ लागली आणि एकदोन डोनटांऐवजी डझनभर नेऊ लागली. माल सकाळीच संपे, दुकान बंद होई आणि ते गृहस्थ पत्नीकडे जात.

दान घेताना स्वाभिमानी माणूस संकोचतो. आपला माल विकताना त्याला संकोच वाटत नाही. त्या गिऱ्हाइकांनी हे ओळखले. पण त्याआधी त्यांनी 'बाई कोठे आहेत?' असे विचारले होते. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदारास आपण असे कधी विचारतो काय?