गाव एक, पट दोन



एका गावाला दोन सरपंच, दोन शाळा, घरात दोन रेशनकार्डे आणि एकेका मतदाराच्या खिशात दोन ओळखपत्रे, असे कोणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, त्या गावाची चैनच आहे. आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हालाही तसेच वाटले. पण तुम्ही शेतकरी आहात, दर्यावर जाणारे आहात. ज्या बांधावर दोघांचा हक्क, तो फुटला की दुरुस्तीला कोणीच येत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे?

ही गावे आहेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात. २०१६ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि ही बाजू कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली; मंडल केरामेरी. पलीकडे महाराष्ट्राचा चंद्रपूर जिल्हा, तालुका जिवती. मधल्या डोंगरावर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीजाळा, येसापूर, भोलापठार अशी गावे आणि पाडे. तेलंगणाकडे ती बारा म्हणतात, महाराष्ट्राकडे चौदा. म्हणजे भांडण कशाचे याचा आकडासुद्धा जुळत नाही. वस्ती बहुतेक मराठी बोलणारी. मराठवाड्यातून दुष्काळाने बाहेर पडलेली दलित कुटुंबे, बंजारा तांडे आणि मूळचे गोंड, कोलाम. महाराजगुड्यात एका घराच्या चार खोल्या एका राज्यात आणि चार दुसऱ्यात, ही बातमी २०२२ साली सगळ्या वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापली. कौतुक वाचणाऱ्यांचे, त्या घरात राहणाऱ्यांचे नव्हे.

हे झाले कसे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला मिळाले. नांदेडचा मुधोळ-भैंसा हा भाग, म्हणजे बासरच्या सरस्वतीचा मुलूख, आंध्रात गेला. राजुरा आधी नांदेडला जोडला, मग १९५९ साली चांद्याला. कायद्याने तालुक्यांची नावे लिहिली. डोंगरावर तालुका नेमका कुठे संपतो हे नावावरून कळत नाही. वाद आहे तो एवढाच. पण त्याच्यावर एक पिढी म्हातारी झाली आणि दुसरी मास्तरापुढे येऊन बसली.

आता मूळ विषयाला येतो. जुन्या मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला स्कूल बोर्ड असे, ते आमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ती बोर्डे गेली. तेव्हापासून खेड्यातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची. म्हणून परिषदेच्या मतदारसंघाचा नकाशा हाच आज शाळेचाही नकाशा. महाराष्ट्रात जिल्ह्याचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाचे दोन गण. तेलंगणात मंडलामागे जिल्हा परिषदेचा एक सदस्य, आणि मंडल परिषदेसाठी वेगळे लहान मतदारसंघ. त्यांच्या खाली दोन्हीकडे ग्रामपंचायतीचे वॉर्ड. शाळेच्या छपरातून पाणी गळले, मास्तर बदलून गेला, मुलींना आडोसा नाही, तर विचारायचे कोणाला, हे या रेषा ठरवतात.

रेषा ओढायचा नियम घटनेतच आहे. पंचायतीची लोकसंख्या आणि तिच्या जागा यांचे प्रमाण शक्य तितके सगळीकडे सारखे हवे, आणि लोकसंख्या म्हणजे छापून निघालेल्या शेवटच्या जनगणनेतली. नियम शहाणा आहे. पण माणूस एकदाच मोजला जाईल हे त्याने गृहीत धरले आहे. तोच माणूस दोन याद्यांत धरला तर दोन्ही नकाशे खोटे पडतात: दोन्हीकडे वॉर्ड कागदावर फुगतो आणि प्रत्यक्षात पोकळ राहतो. शिवाय ज्या मतदाराला दुसरीकडेही मत आहे, त्याचा धाक कोणत्या सदस्याला वाटणार? तुम्ही रांपण ओढता. एकाच वेळी दोन किनाऱ्यांवर दोर धरता येत नाही, आणि जो अर्धा दिवस इकडे व अर्धा तिकडे असतो त्याला वाटा देताना दोन्हीकडे कपाळाला आठ्या पडतात.

२०२४ च्या लोकसभेला चंद्रपुरात १९ एप्रिलला मतदान झाले आणि आदिलाबादेत १३ मे रोजी. या गावांची नावे दोन्ही याद्यांत. मतदान एकाच ठिकाणी करा म्हणून अधिकाऱ्यांनी गावात जाऊन समजूत घातली. कायदा स्पष्ट आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू नये. १९५१ च्या कायद्याप्रमाणे लोकसभेला दोन ठिकाणी मत दिले तर दोन्ही मते रद्द. म्हणजे ज्याला गावकरी दुप्पट समजतो ते कायद्याच्या हिशेबी शून्य आहे. पण दोष गावकऱ्याचा म्हणता येईल का? त्याने नाव चोरून घातलेले नाही. दोन सरकारांनी दारात येऊन ते लिहून नेले आहे.

आम्ही पेशाने मास्तर. मतदारयादीचे आणि जनगणनेचे काम नेहमी मास्तरांच्याच गळ्यात पडते, म्हणून सांगतो. शाळेत पूर्वी एक साधा शिरस्ता होता: शाळा सोडल्याचा दाखला आणल्याशिवाय दुसऱ्या शाळेच्या पटावर नाव चढवायचे नाही. तो मोडला की काय होते ते महाराष्ट्राने २०११ च्या ऑक्टोबरात पाहिले. सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले लाखांनी निघाली. मतदाराला मात्र असा दाखला कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. तो देणे हे सरकारांचे काम आहे, आणि कोणत्या शाळेत जायचे हे विचारल्यावाचून दाखला हातात ठेवणे हा जुलूम आहे.

विचारायचे कसे, हे गोव्याला ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे कौल झाला: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे वेगळे. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. या पानाच्या कित्येक वाचकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. पण प्रश्न एक होता, मत एक होते, आणि निकाल वाचता येत होता. परमडोलीला असा प्रश्न कोणी एकदाही विचारलेला नाही. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावे राज्यात घेण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे जाहीर केले. मराठी माणसाला आनंद व्हावा अशीच गोष्ट. तरीही कौल आधी हवा, असे आम्ही म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

कारण असे की रेषा हलली की सरकारी रकाना हलतो. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. आसिफाबाद विधानसभा आणि आदिलाबाद लोकसभा या जागा जमातीसाठी राखीव. राजुरा आणि चंद्रपूर खुल्या. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद जमातीलाच जाते आणि तिथे बिगर आदिवासीच्या नावावर जमीन चढत नाही. तेव्हा तांड्यावरचा बंजारा एक हिशेब करील, शेजारचा दलित शेतकरी पट्ट्यासाठी उलटा हिशेब करील, आणि गोंड-कोलाम म्हणतील की तुम्ही दोघेही आमच्या मागून आलात. मराठी बोलतात म्हणून सगळ्यांचे हित एक, असे मुंबईत बसून म्हणणे सोपे आहे. आम्ही विलीनीकरणवाले, तरी हे लपवून मत मागणार नाही.

कौल होईपर्यंत शाळा थांबवून ठेवायची का? तिची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. तेलंगणाने २०२४ पासून बचतगटांच्या बायकांकडे अम्मा आदर्श पाठशाला समित्या दिल्या. या समित्यांना वॉर्ड लागत नाही, सीमा लागत नाही. मूल वर्गात बसले की आई मतदार. मराठी शाळेच्या आणि तेलुगू शाळेच्या समित्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, पट शेजारी ठेवून वाचावेत, आणि प्रत्येक मुलाचे नाव एकाच पटावर ठेवावे. रेषा कुठेही गेली तरी दोन्ही माध्यमे चालू राहतील, हे दोन्ही सरकारांनी लिहून द्यावे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे घटनेत १९५६ सालीच घातलेले आहे. ते तेलुगू मुलाला महाराष्ट्रात लागू आहे तितकेच मराठी मुलाला तेलंगणात.

आणि वॉर्डाचा नकाशा जेव्हा निघेल तेव्हा गुडा मधून कापू नये. मसुदा चावडीवर मराठीत आणि तेलुगूत लावावा, गोंडीत वाचून दाखवावा. हरकत अंगठ्यावरही घ्यावी. सुनावणी आसिफाबादेत नको, चंद्रपुरातही नको. परमडोलीच्या शाळेत घ्यावी, आणि कापसाच्या वेचणीचे दिवस सोडून.