प्रवेशानंतरची सोबत



दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज, प्रवेशासाठी कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले असेल तर ही चार दिवसांची धावपळ असते. तसे कोणी नसेल, तर यातल्या एका कागदापायी हुशार मुलीचे वर्ष वाया जाते. मार्क असतात, शिष्यवृत्ती असते, जागाही असते. वेळेवर सांगणारे माणूस तेवढे नसते. यंदाचा आमचा दिवाळी अंक अशा सांगणाऱ्या माणसांवर आणि त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांवर आहे.

हे काम आपल्याकडे सव्वाशे वर्षे चालू आहे. कोल्हापुरात शाळा-कॉलेज होते, पण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी अडचण नेमकी तिथे आहे हे ओळखले आणि 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला बळ दिले. भाऊराव पाटील शिकण्यासाठी कोल्हापुरात आले, ते अशाच एका बोर्डिंगात राहिले. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामात त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. शाळेपासून दूर राहिलेली मुले त्यांनी या फिरतीत पाहिली. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. ते चालवताना पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाविद्यालयीन शिक्षणात रुजली. बोर्डिंगात शिकलेल्या एका मुलाने पुढे हजारो मुलांसाठी बोर्डिंगे उघडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवासही याच दिशेचा. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. स्वतःला मिळालेली संधी पुढच्यांना मिळावी म्हणून त्यांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादला आजचे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने लिहित्या हातांची एक पिढी घडवली. मराठी नियतकालिकांवरचे हे ऋण आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

आज हे काम कसे चालते? पुण्यात 1955 पासून विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींना निवास, भोजन आणि त्याबरोबर श्रमाची सवय देते. विदर्भातून उभी राहिलेली एकलव्य ही संस्था घरात प्रथमच पदवीपर्यंत पोचणाऱ्या मुलांना देशातल्या नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते आणि आधी गेलेली मुले नंतरच्यांच्या पाठीशी उभी राहतात.

या साऱ्याचा खरा परिणाम प्रवेशाच्या दिवशी दिसत नाही. तो पाच-सात वर्षांनी दिसतो, पहिल्या नोकरीच्या वळणावर. घरावर सोसायटीचे कर्ज असते, धाकट्या बहिणीची फी तोंडावर आलेली असते, म्हणून कॅम्पसमध्ये आलेली पहिली नोकरी मुलगा डोळे मिटून स्वीकारतो. तिच्यातला दोन वर्षांचा बॉण्ड तो वाचत नाही. पगार कसा बोलायचा, कामाचा अनुभव कसा मांडायचा, गेटची परीक्षा द्यायची की थेट कामाला लागायचे, हे शिकल्यासवरल्या घरात मामा-काका जेवता जेवता सांगून जातात. ऊसतोड मजुराच्या मुलीला ते सांगायचे कोणी? वसतिगृहातला तिच्यापुढे गेलेला दादा, समितीतल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापक बाई, फोन उचलणारी माजी विद्यार्थिनी यांनी. “एवढे एक वर्ष थांब, बहिणीच्या फीचे आपण पाहू,” असे कोणी म्हटले तर त्या मुलीची पुढची तीस वर्षे वेगळी होतात.

कामाच्या ठिकाणीही वसतिगृहातले शिक्षण सोबत येते. पहाटे उठून वाचनालय झाडलेला, मेसचा हिशोब ठेवलेला मुलगा कुठल्याही कामाला कमी लेखत नाही. वेगवेगळ्या जातीधर्माच्या मुलांबरोबर एका खोलीत राहिलेली मुलगी ऑफिसातल्या माणसांशी सहज जुळवून घेते. अडले तर विचारायला ती कचरत नाही, कारण विचारल्यावर कोणी हसत नाही हे तिने अनुभवलेले असते.

सरकारनेही पावले उचलली आहेत. 2024-25 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. या निर्णयाचे स्वागतच. पण फी माफ झाली म्हणून खोलीभाडे, मेस आणि बसपास यांचा खर्च सुटत नाही, आणि चुकलेला अर्जही दुरुस्त होत नाही. 2021-22 च्या सरकारी पाहणीनुसार देशाचे उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण 28.4 टक्के होते. 2035 पर्यंत ते 50 टक्क्यांवर न्यायचे, असे राष्ट्रीय धोरण सांगते. नुसत्या जागा वाढवून ते गाठता येणार नाही. आमचे मत स्पष्ट आहे : अशा प्रत्येक योजनेचे यश किती प्रवेश झाले यावर मोजू नये, प्रवेश घेतलेले मूल दहा वर्षांनी कुठे उभे आहे यावर मोजावे. आणि म्हणून प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंतची सोबत हा योजनेचाच भाग असला पाहिजे, त्यासाठी माणसे आणि पैसा दोन्ही दिले पाहिजेत.

 वाचकांकडे एकच मागणे आहे. आपण कुणाच्या तरी आधाराने शिकला असाल, तर सुट्टीत गावी जाल तेव्हा बारावीत असलेल्या एका मुलीची किंवा मुलाची चौकशी करा. आपला फोन नंबर द्या, तिचा अर्ज एकदा डोळ्यांखालून घाला आणि तिला नोकरी लागेपर्यंत तो फोन उचलत राहा.



— संपादक