भंगार की ठेवा?



दिवाळीच्या आधी घरोघरी सफाई निघते. माळ्यावरची खोकी खाली येतात, खाली रस्त्यावरून कबाडीवाल्याची हाक येते आणि "हे पण देऊन टाका" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. तुमच्याकडेही असंच होतं ना? मागच्या वर्षी अशाच एका खोक्यानं माझी आणि माझ्या चौथीच्या वर्गाची परीक्षा घेतली.

वर्गात तेव्हा 'टाकाऊतून टिकाऊ' उपक्रम चालू होता. मनीषनगरातच राहणाऱ्या एका मुलीनं खोकं आणलं. त्यात तिच्या बाबांची लहानपणची रिमोटची गाडी होती. बाबांच्या मामांनी ती परदेशातून आणलेली. मागची चाकं मोठी, पुढची लहान आणि आत हेल्मेट घातलेला इवलासा चालक. गाडी कित्येक वर्षं बंद होती. सोबत सुट्या भागांचं एक न उघडलेलं पाकीट होतं. बाबांनी सांगितलं होतं, "ने, काय करायचं ते कर."

वर्गातला एक मुलगा ते पाकीट पाहून चमकला. त्याच्या दादाला अशा गाड्यांचा भारी नाद. मधल्या सुटीत त्यानं सौदा केला. "हे पाकीट मला दे. मी तुला माझी नवी रिमोट कार देतो." ती एकदम खूश!

दुसऱ्या दिवशी मात्र तो माझ्या टेबलाजवळ घुटमळू लागला.

"मॅडम, दादा म्हणतो, हे पाकीट माझ्या कारपेक्षा खूप महाग आहे. तिला माहीत नव्हतं. मला थोडं माहीत होतं. मी तिला फसवलं का?"

मी म्हटलं, "आधी त्याची किंमत कशी ठरते ते शोधू. मग उत्तर तूच दे."

मग आम्ही शोधायला लागलो. दूरवरून रेडिओ लहरींनी यंत्र चालवण्याची कल्पना तशी जुनी. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्यातली छोटी बोट अशी चालवून दाखवली होती. लोक थक्क झाले! गाड्यांचा छंद जगभर पसरवण्यात जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीचा मोठा हात. तिनं १९७६ साली पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीची रिमोटवर चालणारी छोटी प्रतिकृती काढली. खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी! या गाड्या सुट्या भागांत मिळत. घरी बसून एकेक भाग जोडायचा, म्हणजे मोडलेला भाग बदलताही येई.

आमच्या खोक्यातली गाडी उलटी केली, तर पोटावर टामियाचं नाव आणि १९८४ हे साल दिसलं. दादानं ओळखलं, ही हॉर्नेट. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी!

जुन्या भागाची किंमत ठरवायला त्या दादानं आम्हाला चार प्रश्न शिकवले. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, हा भाग नक्की कशाचा? प्लास्टिकच्या चौकटीवर अक्षरं नि आकडे असतात, पाकिटावरही क्रमांक असतो. तो कळला नाही तर भाग कितीही जुना असो, तो कुठं बसतो हेच समजत नाही.

दुसरा, तेव्हाचा की नंतरचा? ही हॉर्नेट कंपनीनं २००४ साली पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे गाडी पळवणाऱ्यांना नवे भाग मिळू लागले. पण संग्राहकाला १९८४ चंच पाकीट हवं असतं.

तिसरा, अवस्था कशी आहे? रबराचे टायर वर्षानुवर्षं पडून तडकतात. ऊन लागलं की पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. न वापरलेला भाग, तोही बंद पाकिटात, म्हणजे सर्वांत मोलाचा.

चौथा, तो कोणाला हवा आहे? दुर्मीळ असलं म्हणजे महाग असतंच असं नाही. पुढचा बंपर भिंतीवर आपटून हमखास मोडतो, म्हणून त्याला मागणी जास्त. जुन्या रिमोटमधला स्फटिक नखाएवढा. रिमोटमध्ये एक आणि गाडीत एक, अशी त्यांची जोडी लागते. एक हरवला की गाडी गप्प!

तिच्या पाकिटात बंपर होता. मुलानं मोबाइलवर पाहिलेला आकडा ऐकून वर्ग "बापरे" म्हणाला. पण तो आकडा विकणाऱ्यानं मागितलेला होता. कॉटन मार्केटमध्ये भाजीवाला साठ रुपये म्हणतो आणि आई चाळीसला घेते, तेव्हा भाव किती झाला? चाळीस! तसंच इथंही. मागितलेल्या नव्हे, खरोखर मिळालेल्या किमती पाहिल्या, तेव्हा आकडा बराच खाली आला. तरी तो नव्या कारपेक्षा जास्तच होता.

आता माझी चूक सांगते. हे सगळं कळायच्या आधल्या दिवशी मीच हौसेनं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि मळलेला चालक पुसला. मळ गेला, पण रंगवलेले डोळे नि मिशाही गेल्या! तो रंग कोणी १९८० च्या दशकात ब्रश धरून हातानं दिला असेल. जुनी वस्तू आधी ओळखावी, मग साफ करावी. तीही कोरड्या मऊ फडक्यानं. आणि हो, गाडीत जुनी बॅटरी पाझरलेली दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा.

आपल्या नागपुरात मोतीबागला नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं. रूळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर असलेल्या छोट्या गाड्यांची इंजिनं, जुने कंदील आणि यंत्रं तिथं जपली आहेत. भंगारवाल्याच्या तराजूत ते नुसतं लोखंड ठरलं असतं. पण ते कुठलं, कशासाठी होतं हे कोणीतरी लिहून ठेवलं, म्हणून तो ठेवा झाला. म्हणून प्रत्येक भागासोबत एक चिठ्ठी ठेवा. काय आहे, कोणाचं, कधी मिळालं.

आता त्या मुलाचं काय झालं? चार दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, तिला माहीत असतं तर तिनं दिलं नसतं. म्हणजे मी फसवलंच." त्यानं पाकीट परत केलं आणि चारही प्रश्न तिला समजावून सांगितले. ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचे बाबाच शाळेत आले. गाडीकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ही पुन्हा चालेल का?"

दादानं गाडी उघडली. आत एका दातेरी चाकाचे तीन दात तुटलेले. तसलं चाक दादाकडे होतं. मग नवा सौदा ठरला. पाकीट दादाला, आणि बदल्यात दातेरी चाक, नवी बॅटरी, चार्जर नि दुरुस्ती. वस्तू तीच, पण या वेळी दोघांनाही किंमत माहीत होती. मुलगी बाबांना विचारून "हो" म्हणाली.

पुढच्या रविवारी आमच्या ले-आउटातल्या मोकळ्या प्लॉटवर गाडी धूळ उडवत पळाली. रिमोट बाबांच्या हातात होता, आणि "आता मला द्या ना!" म्हणत ती मागेमागे धावत होती. चालकाला मात्र अजून डोळे नाहीत. बारीक ब्रश आणलाय, हात थरथरायचा थांबला की काढीन.

यंदा खोकी खाली आली की कबाडीवाल्याला हाक मारण्याआधी त्यात काय आहे ते बघा. आई-बाबांना विचारा, "हे कोणाचं होतं?" काय सापडलं ते मला पत्रानं जरूर कळवा.

तुमच्या मॅडम