अण्णांचं शेवटचं रिटर्न

वडील गेल्यावर काय काय करायचं हे भोर-वेल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दहावा, तेरावा, ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला, मग तलाठ्याकडे वारसनोंद. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि वेल्हे तालुका राजगड झाला, पण माणसं अजून वेल्ह्यालाच जातात आणि तलाठ्यालाच भेटतात.) हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणींना बोलावणं तर कुणीच विसरत नाही. राहून जातं ते वडिलांचं इन्कम टॅक्स रिटर्न. आठवण करून दिली की उत्तर ठरलेलं, ‘शेतकऱ्याला कुठला आलाय टॅक्स?’

शेतीच्या उत्पन्नाला नाहीच. इंद्रायणी तांदूळ विकून आलेल्या पैशावर कर लागत नाही. पण रिंगरोडच्या मोबदल्याची बँकेत ठेव केली, की तिचं व्याज ही शेती नव्हे. मुंबईत आयुष्य काढून गावी परतलेल्यांच्या फंडाच्या ठेवींचंही तेच. ज्येष्ठांचं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं आणि ‘कर कापू नका’ असा फॉर्म दिलेला नसला, की बँक १० टक्के कापून सरकारजमा करते. आमच्या वडिलांचे, अण्णांचे, पैसे असेच कापले गेले होते. एकूण उत्पन्न बघता कर शून्य, म्हणजे ते पैसे परत मिळायचे होते. पण मागणार कोण?

धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, अण्णांचा मोबाईल चालू आहे ना? ओटीपी येईल, होऊन जाईल.” हा सल्ला गावोगाव मिळतो. पण त्याचा अर्थ असा, की रिटर्नच्या शेवटी ‘दिलेली माहिती खरी आहे’ असं अण्णांनी स्वतः जाहीर करायचं, तेही जाऊन काही महिने झाल्यावर! कायद्यात असं रिटर्न टिकत नाही आणि मागाहून नोटीस आली तर निस्तरायला आपणच. कायद्याने वारसाला हक्काने सही करायची सोय ठेवली आहे, मग चोरवाट कशाला?

आयकराच्या पोर्टलवर वारसाने स्वतःच्या लॉगिनने जाऊन मृताचा प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. त्यासाठी मृताचं पॅन, आपलं पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. घोडं अडतं ते या शेवटच्या कागदावर. कोर्टाचा वारस दाखला चालतो, महसूल अधिकाऱ्याने दिलेला हयात वारसांचा दाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद चालतो. आपल्याकडे घरोघरी असतो तो फेरफार, आणि यादीत नेमका तोच नाही. कोर्टाचा दाखला आपल्याकडे १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. त्या काळी भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. आज भोरच्या माणसालाही वारस दाखला त्याच इंग्रजी कायद्याखाली मिळतो.

त्यात नावांचा घोळ. अण्णांचे सगळे कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत होते, घड्यांवर फाटलेले. पॅनवर पूर्ण नाव, पासबुकात आडनाव आधी, सातबाऱ्यावर लहानपणी हाक मारायचे ते नाव, आणि मृत्यूच्या दाखल्यावर शेवटी ‘राव’ जोडलेलं. ही चारही नावं एकाच माणसाची, हे शपथेवर लिहून द्यावं लागलं.

हिशोब मात्र सोपा. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांचं, पुढचं वारसांचं. वर्ष अर्धवट राहिलं म्हणून करमाफीची मर्यादा अर्धी होत नाही, पुरती मिळते. कर निघालाच तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बँकेला मात्र लवकर कळवा, नाहीतर ती पुढचं व्याजही मृताच्याच पॅनवर दाखवत राहते आणि आकडे जुळवताना डोकं उठतं. आणि हो, पुढच्या व्याजात बहिणींचाही वाटा असतो. जमिनीचं हक्कसोड दिलं म्हणून ठेवीवरचा हक्क आपोआप सुटत नाही. सही घेताना हे त्यांना कुणी सांगत नाही, ही आपल्याकडची जुनी लबाडी.

तेव्हा तेराव्याला सगळे जमलेले असतानाच कुणा एकाने प्रतिनिधी व्हायचं ठरवा आणि वारस दाखल्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, कारण वेळ खातो तो तोच. रिटर्नची मुदत एरवी ३१ जुलै. ती हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क १,००० रुपये, त्यावर ५,०००, आणि करमाफीच्या मर्यादेत असेल तर काहीच नाही.